निसर्ग संवर्धनात पदवी करायची आहे, कॉलेज कसं निवडायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी पीसीबी घेऊन बारावी झाली, एमएचटी-सीईटी दिली आहे, डॉक्टर व्हायचं नाही. जंगल, माती, पाणी जपण्याच्या कामातच पुढे जायचं असं तिचं पक्कं आहे. समोर तीन पर्याय आहेत: दापोलीचं फॉरेस्ट्री कॉलेज, पुण्यातल्या एखाद्या कॉलेजात पर्यावरणशास्त्राची बी.एस्सी., किंवा एका खासगी विद्यापीठाची ‘वन्यजीव व संवर्धन’ अशा नावाची पदवी. वडील विचारतात, यातलं कुठलं कॉलेज चांगलं?

मला वाटतं, अडचण कॉलेजची नाहीच. ही तीन कॉलेजं नाहीत, या तीन वेगवेगळ्या पदव्या आहेत आणि त्या तीन वेगळ्या ठिकाणी नेऊन सोडतात. म्हणून आधी पदवीचं नाव ठरवा, मग कॉलेज बघा, आणि शहर सगळ्यात शेवटी. बहुतेक घरांत हे नेमकं उलट होतं. पुणे ठरतं, मग पुण्यात काय मिळतंय ते बघितलं जातं, आणि पदवीवर नक्की काय छापून येणार आहे हे चौथ्या वर्षी नोकरीची जाहिरात वाचताना कळतं.

त्या जाहिरातीपासूनच सुरुवात करू. तुमच्या मुलीच्या मनात भारतीय वन सेवा असो वा नसो, एकविसाव्या वर्षी ती मनात येऊ शकते, त्यामुळे ते दार आज बंद करू नये. यूपीएससीच्या वन सेवा परीक्षेला कुठलीही पदवी चालत नाही. पशुसंवर्धन व पशुवैद्यक, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भूशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र, प्राणिशास्त्र यांपैकी किमान एक विषय असलेली पदवी लागते, नाहीतर कृषी, वानिकी (म्हणजे फॉरेस्ट्री) किंवा अभियांत्रिकीची पदवी लागते. ही यादी पुन्हा एकदा वाचा. तिच्यात पर्यावरणशास्त्र नाही. वन्यजीव संवर्धनही नाही. ज्या विषयाच्या नावातच पर्यावरण आहे तोच वन सेवेच्या यादीत नाही, हे पालकांना खरं वाटत नाही, पण नियम असा आहे. राज्याच्या वन सेवेत, म्हणजे एमपीएससीतून भरल्या जाणाऱ्या सहायक वनसंरक्षक आणि वनक्षेत्रपाल या पदांनाही ठरावीक विषयांची अट असते. तीही जाहिरातीत शब्दशः वाचावी, कुणी सांगितलं म्हणून धरून चालू नये. वनरक्षकाच्या पदाला बारावी पुरते, त्यासाठी पदवीची वाट बघायची गरज नाही.

मग पर्यावरणशास्त्र वाईट का? अजिबात नाही, पण ते वेगळं काम आहे. बऱ्याच कॉलेजांत हा विषय पाणी, हवा आणि कचरा यांच्या तपासणीकडे झुकलेला असतो. मुलं नदीच्या पाण्याचा नमुना आणतात, त्यातला विरघळलेला प्राणवायू मोजतात, बीओडीची (घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू वापरतात त्याच्या मापाची) बाटली तीन दिवस २७ अंशांवर ठेवतात, सीओडी (हेच रसायनांनी काढलेलं माप) काढतात, धूलिकण मोजतात. प्रदूषण नियंत्रण, कारखान्यांचे पर्यावरण विभाग, पर्यावरणीय परिणामांचे अहवाल तयार करणाऱ्या सल्लागार संस्था, इथे या शिक्षणाचा थेट उपयोग होतो. मुलीला प्रयोगशाळेत रमायला आवडत असेल तर हा चांगला रस्ता आहे. तिला झाडं ओळखायची असतील, प्राण्यांच्या खुणा वाचायच्या असतील आणि रोपवाटिकेत हात घालायचा असेल, तर दुसऱ्या वर्षापर्यंत ती कंटाळेल.

पुण्यातच राहायचं असेल तर एक सुरक्षित मार्ग आहे. नव्या शैक्षणिक धोरणात मेजर आणि मायनर असे विषय घेता येतात. मेजर वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र घ्या आणि मायनर पर्यावरणशास्त्र. उलट क्रम नको. वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र मेजर असेल तर वन सेवेच्या पात्रतेबद्दल शंका राहत नाही, आणि पुढे एम.एस्सी.च्या बहुतेक वाटा मोकळ्या राहतात. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत बी.एस्सी. नाही, तिथे एम.एस्सी.पासून पुढचं शिक्षण आहे. भारतीय वन्यजीव संस्थेची वन्यजीव विज्ञानाची एम.एस्सी. आणि बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन केंद्राची वन्यजीव जीवशास्त्र व संवर्धनाची एम.एस्सी. याही पदवीनंतरच्याच. भोपाळची भारतीय वन व्यवस्थापन संस्था पदव्युत्तर व्यवस्थापन शिकवते. म्हणजे देशातली नावाजलेली ठिकाणं सगळी पदवीनंतरची आहेत. बारावीनंतर डेहराडूनला पाठवायचं म्हणून पैसे साठवणारे पालक असतात, त्यांनी हे लक्षात घ्यावं. पहिल्या तीन-चार वर्षांत मुलीला काय यायला लागलं, त्यावर त्या दारांतला प्रवेश ठरतो.

आता फॉरेस्ट्री. राज्यात शासकीय कृषी विद्यापीठांच्या अखत्यारीत दोन प्रमुख ठिकाणं आहेत: दापोलीला डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ आणि अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ. दोन्हीकडे चार वर्षांची बी.एस्सी. ऑनर्स फॉरेस्ट्री आहे. अभ्यासक्रमाचा सांगाडा भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने ठरवलेला असल्यामुळे विषय साधारण सारखेच: वनसंवर्धन, वृक्षओळख, वनमापन (झाडांची आणि जंगलाची मोजणी), लाकडाची रचना, कृषिवानिकी, वृक्षसुधारणा, मृदा आणि पाणलोट, वन्यजीव, वनोपज, वनकायदे, सुदूर संवेदन आणि नकाशे. शेवटच्या वर्षात कार्यानुभवाचं सत्र असतं, त्यात गाव, वनविभाग आणि लाकडाशी संबंधित उद्योग इथे राहून काम करायचं असतं. परिषदेच्या सहाव्या अधिष्ठाता समितीने आखलेल्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडायची सोय आहे. पण वर सांगितलेल्या परीक्षांना पदवी लागते, त्यामुळे ती सोय अडीअडचणीपुरती समजावी.

पुस्तक तेच, पण जंगल वेगळं. दापोलीला जांभ्याची माती, तुफान पाऊस, ऐन, किंजळ, खैर, बांबू, काजू, देवराया, खाडीतलं कांदळवन, आणि आंजर्ले-वेळासच्या किनाऱ्यावर विणीला येणारी ऑलिव्ह रिडले कासवं. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वनजमीन फार कमी आणि खासगी वनं जास्त, त्यामुळे जमिनीच्या मालकांशी बोलून संवर्धन कसं करायचं हा इथला खरा धडा. अकोल्याला काळी माती, कमी पाऊस, साग, धावडा, सालई, मोह, तेंदू, जवळच नरनाळा अभयारण्य आणि त्यापलीकडे मेळघाट, १९७३ मध्ये घोषित झालेल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. सरकारी जंगल, कार्य आयोजना (जंगलाच्या व्यवस्थापनाचा आराखडा), वणवा, चराई, गौण वनोपज आणि आदिवासी गावांचे हक्क, हे सगळं तिथे डोळ्यांसमोर आहे. राज्यातली वनखात्याची मोठी जंगलं विदर्भात आहेत, हेही विसरू नये. वन सेवेत जाऊ पाहणाऱ्या मुलीने अकोल्याला ‘दुसरी पसंती’ म्हणून नाक मुरडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. राहण्याच्या दृष्टीने बघायचं तर दापोलीला रेल्वे नाही, खेडला उतरून पुढे रस्त्याने जायचं. अकोला मुंबई-हावडा रेल्वेमार्गावर आहे.

राज्याबाहेर जायची तयारी असेल तर सिरसी, नवसारी, त्रिशूरजवळचं वेल्लानिक्करा, मेट्टुपालयम, सोलनजवळचं नौणी इथली फॉरेस्ट्री कॉलेजं आहेत. गोवा आणि सिंधुदुर्गातल्या मुलांना सिरसी घाटमाथ्यावर आणि तुलनेने जवळ आहे. राज्य कृषी विद्यापीठांतल्या काही जागा भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या कोट्यातून भरतात आणि त्यासाठी सीयूईटी ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. एमएचटी-सीईटीवर त्या जागा मिळत नाहीत. यंदा सीयूईटीचा फॉर्म भरला नसेल तर बाहेरच्या राज्यांचा विचार यंदापुरता बाजूला ठेवा.

खासगी विद्यापीठाच्या त्या पदवीबद्दल दोन गोष्टी तपासा. विद्यापीठ यूजीसीच्या यादीत आहे का, हे तर कुणीही बघेल. महत्त्वाचं म्हणजे संपूर्ण अभ्यासक्रमाची प्रत मागा आणि वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र हे नाव गुणपत्रिकेवर विषय म्हणून येतं का ते बघा. ‘आमच्या इकॉलॉजीच्या पेपरमध्ये बॉटनी येतंच’ हे उत्तर पुरेसं नाही. छाननी करणारा अधिकारी पेपरचा आशय वाचत बसत नाही, छापलेलं नाव बघतो. पात्रतेबद्दल जे तोंडी सांगतात ते लेखी द्यायला सांगा. ते लेखी मिळालं नाही, तर तुमचा निर्णय सोपा झाला.

पदवी ठरली की मग कॉलेजची पारख. नॅकची (मूल्यांकनाची) श्रेणी आणि एनआयआरएफचा (सरकारी क्रमवारीतला) क्रमांक अख्ख्या संस्थेचा असतो. त्यातल्या एका विभागात काय चाललंय ते त्यावरून कळत नाही. त्याऐवजी नॅकला दिलेला स्वयंमूल्यांकन अहवाल कॉलेजच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या आणि शिक्षकांचा तक्ता काढा. मंजूर पदं किती, भरलेली किती, कायम किती, तासिका तत्त्वावर किती. कृषी विद्यापीठांच्या बाबतीत हीच माहिती वार्षिक अहवालात शोधा. नसेल तर विभागात जाऊन सरळ विचारा. सरकारी संस्थांत रिक्त पदं हा खरा आजार आहे. वनमापन शिकवायला त्या विषयाचा माणूस नसेल, तर तो पेपर मृदाशास्त्राचा शिक्षक पुस्तक वाचून पुरा करतो आणि मुलांना झाडाची उंची मोजता येत नाही.

यानंतर कॉलेज प्रत्यक्ष बघायला जा. स्वागताच्या कार्यक्रमाच्या दिवशी नको, सत्र चालू असताना साध्या कामाच्या दिवशी जा. तिथे तीन जागा बघा.

पहिली जागा म्हणजे हर्बेरियम, वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह. कपाट उघडायला सांगा आणि कुठलाही एक गठ्ठा काढा. साधारण २९ बाय ४२ सेंटिमीटरचा जाड कागद, त्यावर दाबून वाळवलेली फांदी, उजव्या कोपऱ्यात खाली लेबल. लेबलवर शास्त्रीय नाव, ठिकाण, गोळा करणाऱ्याचं नाव आणि तारीख असते. तारखा वाचा. गेल्या दोन-तीन वर्षांतले कागद असतील आणि गोळा करणाऱ्यांत विद्यार्थ्यांची नावं असतील, तर मुलं खरोखर झाडापर्यंत जातात. सगळ्यात नवा कागद पंधरा वर्षांपूर्वीचा असेल, तर वृक्षओळख फळ्यावर चालते. वाळवीने पोखरलेले कागद आणि नुसतं ‘कॅम्पस’ एवढंच लिहिलेली ठिकाणं हीसुद्धा तीच गोष्ट सांगतात.

दुसरी जागा अवजारांची खोली. झाडाचा घेर मोजायची टेप, उंचीसाठी क्लिनोमीटर किंवा अल्टिमीटर, होकायंत्र, जीपीएस, मातीचा नमुना काढायचा ऑगर, दुर्बिणी, कॅमेरा ट्रॅप. किती आहेत यापेक्षा ती किती झिजली आहेत ते बघा. चाळीस मुलांमागे दोन क्लिनोमीटर आणि तेही खोक्यात नवेकोरे, याचा अर्थ मोजणी सर करतात आणि मुलं उतरवून घेतात. वस्तू बाहेर नेल्याची नोंदवही असते, ती मागा. कुठल्या तारखेला, कुठल्या वर्षाच्या तुकडीने, कशासाठी नेली हे तिच्यात दिसतं.

तिसरी जागा म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची प्रात्यक्षिकाची वही, आणि ही कसोटी मला सगळ्यात भरवशाची वाटते. एकाच तुकडीतल्या दोघांच्या वह्या शेजारी शेजारी ठेवून वनमापनाचं पान उघडा. जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर झाडाचा घेर मोजतात. ०.१ हेक्टरचा नमुना भूखंड घेतला, म्हणजे सुमारे ३१.६ मीटर बाजूचा चौकोन, तर त्यातल्या प्रत्येक झाडाचा घेर ओळीने लिहिलेला असतो. वेगवेगळ्या गटांनी वेगवेगळे भूखंड मोजले असतील तर आकडे वेगळे येणारच. एकाच गटातल्या दोघांनी तेच झाड मोजलं तरी एक-दोन सेंटिमीटरचा फरक पडतो. कारण उतारावर टेप कुठल्या बाजूने धरली, साल सुटली होती का, वेल गुंडाळला होता का, याने आकडा हलतो. दोन्ही वह्यांत सगळे आकडे दशांशापर्यंत सारखे आणि एकही खाडाखोड नाही, तर ते पान जंगलात लिहिलेलं नाही. चिखलाचा डाग, पेन्सिलने लिहिलेला आकडा, ‘झाड दुभंगलेले, दोन्ही फांद्या स्वतंत्र मोजल्या’ अशी एखादी ओळ दिसली, तर शिकवणारा माणूस खरा आहे.

विद्यार्थ्यांशी बोलताना ‘कॉलेज कसं आहे’ असं विचारू नका, त्याचं उत्तर कायम ‘छान’ असतं. गेल्या सत्रात किती रात्री कॅम्पवर होता? कुठल्या वनपरिक्षेत्रात? मोजणी कोण करत होतं? नकाशा कुणी तयार केला, आणि क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर स्वतःच्या हाताने चालवलं का? राखीव जंगलात जायला उपवनसंरक्षकांची आणि व्याघ्र प्रकल्पात क्षेत्रसंचालकांची परवानगी लागते. ज्या विभागाचे वनखात्याशी नीट संबंध आहेत तिथे ती वेळेत येते. नाहीतर सहल रद्द होते आणि तिच्या जागी एखाद्या बागेला भेट दाखवली जाते. मुलीच्या बाबतीत आणखी विचारा: कॅम्पवर महिला शिक्षक सोबत असतात का, गाडी मुक्कामी थांबते का, सर्पदंशावरचं प्रतिविष असलेलं जवळचं रुग्णालय कुठलं आहे हे विभागाला माहीत आहे का. शेवटच्या प्रश्नाला लगेच उत्तर आलं, तर समजा की ही मंडळी नियमितपणे जंगलात जातात.

खर्चाचं थोडक्यात. शासकीय कृषी विद्यापीठाची फी खासगीच्या मानाने बरीच कमी असते, पण वसतिगृह, खानावळ आणि शैक्षणिक सहली यांचा खर्च वेगळा विचारा. खासगी ठिकाणी ‘फील्ड’चा खर्च फीमध्ये धरलेला आहे की दर सहलीला वेगळा भरायचा, ते लेखी घ्या.

काही गोष्टी तुमच्या घरच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. मुलीला शास्त्रज्ञ व्हायचं असेल तर दापोली-अकोल्यापेक्षा चांगलं वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र मेजर सरस ठरू शकतं, सोबत संख्याशास्त्राचा पेपर मात्र हवाच. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीसारख्या (बीएनएचएस) संस्थेचे पक्षी, कीटक, वनस्पती यांचे छोटे अभ्यासक्रम त्याला जोड म्हणून घेता येतात. मृद-जलसंधारणात, बंधारे आणि पाणलोटाच्या सरकारी कामात जायचं असेल, तर तिथल्या तांत्रिक जागा मुख्यतः अभियांत्रिकीच्या वाटेने भरतात आणि पीसीबीला तो रस्ता नाही. फॉरेस्ट्री करून पुढे वन सेवेची परीक्षा द्यायची असेल, तर दोन वैकल्पिक विषय लागतात. वानिकीसोबत कृषी हा विषय घेता येत नाही, त्यामुळे दुसरा विषय बहुधा वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र किंवा भूशास्त्र असेल. तो दुसऱ्या वर्षापासून मनात ठेवलेला बरा. त्याच सेवेत चार तासांत मुलींना १४ किलोमीटर आणि मुलांना २५ किलोमीटर चालण्याची चाचणी असते. डोंगराळ ठिकाणी शिकलेल्यांना ती जड जात नाही.

तुमच्या मुलीचं जे वर्णन दिलंय त्यावरून माझा क्रम असा लागतो: दापोली किंवा अकोला, मग पुण्यात वनस्पतिशास्त्र वा प्राणिशास्त्र मेजर आणि पर्यावरणशास्त्र मायनर, मग फक्त पर्यावरणशास्त्र. खासगी पदवी गुणपत्रिकेची अट पुरी झाली तरच. दापोली आणि अकोला यांत कुठलं वर, ते तिला कोकण ओळखायचंय की सागाचं कोरडं जंगल, यावर तिनेच ठरवावं.

पसंतीक्रमाचा अर्ज भरताना एक चूक नेहमी होते. ‘बघू तरी’ म्हणून बी.एस्सी. कृषी पहिल्या क्रमांकावर टाकतात आणि फॉरेस्ट्री खाली. पहिली पसंती मिळाली की पुढच्या फेऱ्यांत बदल करायला सहसा वाव उरत नाही, आणि फॉरेस्ट्रीची मुलगी कृषीच्या वर्गात जाऊन बसते. जे खरंच हवंय तेच पहिलं लिहा. सीईटी कक्षाची यंदाची माहितीपुस्तिका स्वतः वाचा, कारण फेऱ्यांचे नियम बदलतात. राखीव प्रवर्गातून अर्ज करत असाल तर जात वैधता प्रमाणपत्र आणि लागू असेल तर पुढच्या ३१ मार्चपर्यंत चालणारा नॉन-क्रीमिलेअर दाखला आजच हातात आहे का ते बघा. तहसील कार्यालयात जून-जुलैत गर्दी असते, आणि दाखल्यावाचून मुलं त्याच आठवड्यात खुल्या प्रवर्गात ढकलली जातात.